मोकळ्या रात्रींचं नियोजन

परवा दाढ ठणकायला लागली म्हणून दवाखान्यात गेले, तर मला खुर्चीवर आडवं पाडून तोंडात आरसा घालणारी डॉक्टरीणबाई माझीच विद्यार्थिनी निघाली. अकरावीत असताना वनस्पतींचं वर्गीकरण जमेना म्हणून माझ्या टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडलेली पोरगी. तिला पाण्याचा ग्लास मीच दिला होता आणि तिची दोन वर्षंही मीच आखून दिली होती. ती म्हणाली, "काकू, आ करा. आधी कुठे दाखवलं होतं का?" मी आ केला. दुसरं काय करणार? तोंडात आरसा असताना माणसाला धड रागावताही येत नाही.

मला सवय आहे म्हणा. अकोल्यात माझ्या हाताखालून गेलेले डॉक्टर पैशाला पासरी झालेत, अन् त्यातल्या एकालाही शैलजा काकड नावाची बाई आठवत नाही. पोरं कृतघ्न आहेत असं समजू नका. त्यांच्या डोक्यात माझ्यासाठी जागाच उरली नव्हती.

सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. आपला मेंदू दिवसभरात जे बघतो, ऐकतो, ते आधी कच्चं ठेवतो. रात्री गाढ झोपेत तो त्यातलं थोडं थोडं पुन्हा चालवून पाहतो. ज्याची अशी उजळणी होते ते पक्कं होतं, बाकीचं विरून जातं. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. झोपताना कपाळावर बांधायची पट्टी बनवणाऱ्यांनी त्यात एक युक्ती केली. मूल धडा वाचत असताना त्याच्या कानाशी एक बारीक नाद वाजवायचा, प्रत्येक धड्याला वेगळा. रात्री कपाळावर बांधलेली पट्टी मेंदूच्या लहरी ऐकत राहते आणि नेमक्या क्षणी तोच नाद पुन्हा वाजवते. मेंदूला वाटतं, बरं, याची उजळणी करायची आहे वाटतं. सकाळी धडा पक्का.

इथवर ठीक होतं. पण गाढ झोप काही रबराची नाही, ताणली म्हणून वाढायला. उजळणीला वेळ तेवढाच. मग पुढची पट्टी आली. मेंदू मध्येच आईचं बोलणं किंवा मैत्रिणीचं भांडण उजळायला लागला की ही पट्टी वेगळा नाद वाजवून त्याला तिथून उठवते आणि परत धड्यावर आणून बसवते. सगळी रात्र अभ्यासाला. ज्यांनी ती लावली ती पोरं प्रवेश परीक्षेत इतकी पुढे गेली की बाकीच्यांना लावावीच लागली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम डोक्यात कोरला जातो आणि दोन वर्षं वाहून जातात. कुणी सांगितलं की पोरांना माहीत असतं, हो, ताईचं लग्न झालं. पण मांडवात कोण रुसलं, जेवायला काय होतं, विचारा. माहीत असतं, आठवत नाही. रोज भेटणारी माणसं रोजच्या सरावानं ओळखीची राहतात, आणि रोजचं भेटणं संपलं की महिन्या-दोन महिन्यांत पुसली जातात. तशी मी पुसली जाते.

महिन्याकाठी एखादी रात्र मात्र पट्टीशिवाय झोपावंच लागतं, नाहीतर मूल भ्रमिष्टासारखं वागायला लागतं. ती मोकळी रात्र. त्या दिवशीचं जे काही असेल ते आपसूक राहतं. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझं काम तेच. अकरावीत आलेल्या मुलाची परीक्षेपर्यंतची प्रत्येक रात्र कोणत्या धड्याला द्यायची, आणि मोकळी कोणती सोडायची, हे ठरवणं. पालक हात जोडून येतात. "मॅडम, मामाच्या पोराची हळद हाय, तेवढी रात्र मोकळी करा ना." मी रात्री वाटणारी बाई. माझ्या स्वतःच्या सगळ्याच मोकळ्या असतात. लग्न केलं नाही, भाऊ सुरतला, जठारपेठेतल्या फ्लॅटमध्ये मी आणि एक तुळस.

ओवी गावंडे माझ्याकडे आली ती आईला घेऊन. अकोटच्या पुढचं कुठलंसं गाव. वडील श्रीकृष्ण गावंडे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून तारा नव्यानं गुंडाळून देणारे. आई, मंदा, पोरीसाठी गाव सोडून अकोल्यात खोली करून राहिलेली. आमच्याकडे असंच असतं. पोरगं अकरावीत गेलं की आई डबे-पातेली घेऊन शहरात येते, बाप गावात एकटा हातानं भाकऱ्या थापतो, आणि रविवारी यष्टीनं जवसाची चटणी घेऊन भेटायला येतो.

मी सगळं समजावून सांगितल्यावर ओवीनं विचारलं, "म्हणजे आज तुम्ही मला जे बोलाल ते मी विसरणार?"

"धड्याबाहेरचं, हो."

"मग तुम्ही मला आत्ता शिव्या दिल्या तरी चालतंय."

"तुला चालेल. मला आठवतील ना."

ती खदखदून हसली. मंदानं तिला कोपरानं ढोसलं, "मॅडमले असं बोलतेत का व?" मला मात्र ती पोरगी तिथंच आवडली. तसं व्हायला नको होतं. या नोकरीत कुणी आवडू नये.

अकरावी सुरळीत गेली. ओवी हुशार होती आणि आखणी चोख पाळायची. पण सरकारी मेडिकल कॉलेजच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे थोडं घसरलं तर गेलं. खाजगीचं नाव काढायची गावंड्यांची ऐपत नव्हती, ते आम्ही तिघींनी पहिल्याच दिवशी धरून चाललो होतो.

बारावीच्या दिवाळीनंतर श्रीकृष्ण गावंडे एकटेच आले. चपला केबिनबाहेर काढल्या. नको म्हटलं तरी काढल्या. खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, मले स्वादुपिंडात गाठ निघाली. नागपूरले दाखवलं. डॉक्टर म्हनते, होळी पाह्यली तं पाह्यली."

मी पाणी पुढं केलं.

"पोरीले सांगायचं नाही," ते म्हणाले. "मंदाले सांगतलं. तुमाले सांगून रायलो, कारण मी यायचा बंद झालो तं पोरगी तुमाले विचारीन. परीक्षा होऊ द्या. मंग सांगजा."

"गावंडे, परीक्षा मे महिन्यात आहे."

"मले मालूम हाय."

हेही आमच्याकडचंच. घरात कुणी आजारी पडो, मरो, पोराची परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही. आजवर मी ते निमूट ऐकून घेत आले. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, तुम्ही जाल. अन् तुमचा शेवटचा एक दिवससुद्धा तिच्याजवळ राहणार नाही. आत्ताच अकरावीपासूनचा तुमचा एकही रविवार तिला धड आठवत नाही. आहे ना ठाऊक?"

ते कितीतरी वेळ बोटांवरचे वॉर्निशचे डाग खरवडत बसले. मग म्हणाले, "आपल्याले बाप होता, हे तं मालूम राहीन ना तिले?"

"माहीत राहील. आठवणार नाही."

"मंग एक रविवार द्या," ते म्हणाले. "एक."

मी डिसेंबरची मोकळी रात्र उचलून एका रविवारावर आणून ठेवली. त्यांना निरोप दिला. आठवडाभर मीच लग्नघरासारखी उतावीळ. सोमवारी मंदाला गाठलं, "काय केलं काल? कुठं गेलात?"

"कुठी जी? पोरगी सराव पेपर सोडवत होती. ह्यायनं तिले आवाजच नाही देला. जिन्यावर बसून होते. जेवले अन् दुपारच्या यष्टीनं गेले."

मी कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! त्या इमारतीतला रिवाजच तो. पोर पुस्तकात असलं की मोठ्यांनी जिन्यात बसायचं, दबक्या आवाजात बोलायचं. बायका तिथंच भाजी निवडतात, तिथंच डुलक्या काढतात. त्या भल्या माणसाला आयुष्यात मागून एक रविवार मिळाला, आणि पोरीचा अभ्यास मोडू नये म्हणून तो त्यानं जिन्यात काढला. ओवीला त्या दिवसातलं काय राहिलं असेल? बापाच्या चपला दारात होत्या, एवढं.

मला रात्रभर झोप नाही. त्यानंतर गावंडे आलेच नाहीत. यष्टीत बसवेना त्यांना. ओवी मला विचारायची, "बाबा आले नाहीत या रविवारी, गावात कामं निघाली असतील ना?" आणि मी म्हणायचे, "असतील." जानेवारी लागला. एके दिवशी ती पुन्हा तेच विचारायला लागली आणि मला खोटं बोलवेना. मी दार लावलं, तिला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. वचन मोडलं, हो, मोडलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

ती पोरगी इतकी रडली की बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. मग ओढणीनं नाक पुसून म्हणाली, "आज पट्टी लावत नाही. उद्या सकाळी गावी जाते. आईला मी बघते काय ते." मी मनात म्हटलं, शाब्बास गं पोरी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासानंतर दारात ओवी उभी. हातात वही. "नमस्कार मॅडम! आनुवंशिकतेची रात्र एक दिवस अलीकडे घेता येईल का? माझा गोंधळ होतोय."

मी पेन खाली ठेवलं. "ओवी, काल आपण बोललो ते?"

तिनं डोळे बारीक केले. "काल... हो, आले होते मी. मन फार खराब झालं होतं माझं. कशानं ते नीट लागत नाहीये. पेपरात मार्क कमी होते का?"

घाव इतका मोठा होता की पूर्ण पुसला गेला नव्हता, पण एका रात्रीत त्याचा कशाशी संबंध होता तेच निघून गेलं होतं. मी तिला काहीतरी सांगून वर्गात पाठवलं आणि तडक त्यांच्या खोलीवर गेले. मंदा जिन्यातच भेटली, मेथी निवडत.

"काल ओवीला पट्टी कुणी लावली?"

"मीनंच. रडत रडत आली, काही बोलेना. पुस्तकावरच झोपली. मंग मीनं बांधली कपाळाले. रोजच बांधतो जी आमी सगळ्या." तिनं आजूबाजूच्या बायकांकडं पाहिलं. "पोट्टे दमून झोपतेत, पट्टी कोन बांधीन?"

"अगं, मी तिला सांगितलं होतं! बाबांचं!"

मंदाच्या हातातली जुडी खाली पडली. मला वाटलं ही आता मला बोलणार, का सांगितलं म्हणून. ती मला खोलीत घेऊन गेली, दार लोटलं, आणि भिंतीला टेकून बसली.

"म्हंजे तिले कळलं होतं," ती म्हणाली. "अन् मीनं माह्या हातानं..." मग एकदम तिचा आवाज चढला. "तुमी कोन सांगनाऱ्या? त्यायनं नाही म्हनलं होतं ना? पोरगीची सीट गेली तं तुमी देता का आनून? त्या मानसानं जीव जाळला याच्यासाठी!"

"सीटचं मी बघते. बापाचं कोण बघणार?"

"अन् माहं?" ती ओरडलीच. "दोन वर्सं झाली मॅडम मले या खोलीत. सकाळी चहा, दुपारी भाकर, आंगात ताप असला तरी तिचं डोकं चेपलं. तिले यातलं काही आठवनार हाय का? सांगा ना! मी इथं हाय, अन् नाही बी. नवरा तिकडं एकटा मरून रायला, मी इकडं एकटी. पोरगी बाजूले बसून हाय, तरी एकटी."

मी उठून तिच्याजवळ खाली बसले. दोन वर्षांत या बाईनं कुणाशी पोटातलं काढलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, स्टोव्हवर चहा ठेवला आणि म्हणाली, "येऊ द्या पोरीले. मीच सांगतो."

ओवी वर्गातून आली. मंदानं तिला समोर बसवून सांगितलं, साध्या चार वाक्यांत. मी कोपऱ्यात होते. माझ्यासाठी हे दुसऱ्यांदा चाललं होतं. तिच्यासाठी पहिल्यांदाच. पुन्हा तसंच रडणं, तसंच ओढणीनं नाक पुसणं. मग ती आमच्यावर उसळली. "तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं? माझा बाप आहे तो! मला कुणी विचारलंच नाही!" तिनं चार्जिंगला लावलेली पट्टी ओढून काढली आणि माझ्या हातात कोंबली. "ही तुमच्याकडे ठेवा. आईच्या हाताला लागायला नको."

त्याच दुपारी मायलेकी गावी गेल्या.

मी कॉलेजात बसून ओवीच्या राहिलेल्या रात्री पुन्हा आखायला घेतल्या. गावात जाणारे आठवडे कुठून तरी भरून काढायचे होते. कितीही जुळवलं तरी एकच मार्ग दिसत होता. ती परत आल्यावर परीक्षेपर्यंत एकही मोकळी रात्र नाही. भ्रमिष्टपणाचा धोका पत्करून, सलग. मी तसं आखून ठेवलं, पण ती परत येईल असं मला खरं वाटत नव्हतं.

होळीच्या थोडं आधी गावंडे गेले. तेरवी आटोपून ओवी आली. वाळली होती, पण डोळे शांत होते. समोर बसली आणि हात पुढे केला. "मॅडम, पट्टी द्या. बाबांना मी शब्द दिलाय, परीक्षा देईन म्हणून."

मी पट्टी टेबलावर ठेवली, पण तिनं उचलायच्या आधी हात धरला. "एक गोष्ट समजून घे. गावातले सगळे दिवस तू पट्टीशिवाय झोपलीस. ते पक्के झालेत."

"मग झालं तर."

"झालं नाही. आठवण पक्की झाली म्हणजे कायमची झाली असं नसतं. आपण एखादी गोष्ट आठवली की ती पुन्हा कच्ची होते, कालच घडल्यासारखी. त्या रात्री मेंदूला ती परत पक्की करावी लागते. पट्टी नसली तर तो करतो. पट्टी असली तर ती मध्ये येते आणि उठवते."

ओवी हुशार. लगेच समजली. "म्हणजे मी दिवसा बाबांना आठवलं, आणि रात्री पट्टी लावली, तर तेवढे बाबा जाणार."

"हो. थोडे थोडे."

"आणि मोकळी रात्र?"

"एकही नाही. ती दिली तर सीट नाही."

खिडकीबाहेर पोरं डबे उघडून बसली होती, दंगा चालला होता. ती तिकडं बघत बसली. "मग मी त्यांना आठवणारच नाही," ती म्हणाली. "परीक्षा होईपर्यंत. मग बाबाही राहतील अन् सीटही."

"अगं, जमेल का? बाप गेलाय तुझा."

"जमवते." तिनं पट्टी उचलली. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी नुसतीच मान हलवली.

सीट तिला मिळाली, दूर गोंदियाकडे, शेवटच्या फेरीत. हे आत्ताच सांगून टाकते. मिळेल की नाही यात मी कधी जीव अडकवला नव्हता. माझा जीव अडकला होता तो त्या खोलीत.

त्या खोलीत त्या दोघी कशा राहिल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाबा हा शब्द काढायचा नाही. फोटो लावायचा नाही. गावाहून कुणाचा फोन आला तर मंदा जिन्यात जाऊन बोलायची. बापाची आठवण डोक्यात शिरतेय असं वाटलं की ओवी मोठ्यानं मूलद्रव्यं म्हणत सुटायची, जेवताना, आंघोळ करताना, रस्त्यानं चालतानाही. आणि मंदानं कपाळावरची टिकली काढली नव्हती. गळ्यात मंगळसूत्र तसंच. पोरीनं समोर बघितलं आणि आठवलं तर? इमारतीतल्या बायका कुजबुजायला लागल्या, नवरा जाऊन महिना नाही झाला अन् ही टिकली लावून हिंडते. मंदानं ऐकून घेतलं. कुणाकुणाला पट्टीचं शास्त्र समजावत बसणार?

ती माझ्याकडे यायला लागली. ओवी वर्गात असली की दुपारी जठारपेठेत, माझ्या घरी. पहिल्या दिवशी नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मॅडम, घरचं मानूस गेलं अन् त्याचं नाव नाही घ्याचं, असं कुठी असते का जी?" आणि बोलायला लागली. लग्नात ते कसे घोड्यावरून उतरता उतरता धोतरात अडकले. भाजीत मीठ जास्त झालं तर कसे काही न बोलता दोन तांबे पाणी प्यायचे. ओवी झाली तेव्हा जळालेल्या मोटारीच्या तांब्याच्या तारेचं वाळं करून आणलं होतं, सासूनं फेकून दिलं ते. मी चहा करायचे, ती बोलायची, रडायची, तोंड धुऊन, टिकली नीट करून परत जायची. मी त्या माणसाला दोनदाच भेटले होते, पण उन्हाळा लागेपर्यंत तो माझ्या घरात राहायला आल्यासारखा झाला. दुपारी बेल वाजली की बरं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू? माझ्या घराची बेल कुणी वाजवत नाही.

एप्रिलअखेर मंदाचं रडणं कमी झालं. बोलणंही. एक दिवस म्हणाली, "आता बरं वाटून रायलं जी. माहं झालं रडून." आणि नंतर ती आली नाही. तिचं बरोबरच होतं. मी मात्र दुपारी चहाचं आधण दोन कपांचं ठेवून बसायचे.

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या केबिनबाहेर नव्या अकरावीच्या पालकांची रांग लागली होती. ती ओलांडून ओवी आणि मंदा आत आल्या. ओवीचे डोळे तारवटलेले, ओठ फुटलेले. इतके महिने सलग पट्टी लावून पोर खंगली होती. तिनं पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. बसली नाही.

"मॅडम, आज रात्रीपासून लावायची नाही ना?"

"नाही. कधीच नाही."

"मग आता आठवू?"

मंदा माझ्याकडं बघायला लागली. आम्हा दोघींच्या मनात एकच भीती होती. चुकून, झोपेच्या गुंगीत, रस्त्यानं कुणाचा आवाज ऐकून, किती वेळा तो तिच्या मनात येऊन गेला असेल? आणि प्रत्येक वेळी किती गेला असेल? आत काही उरलं असेल का? मी म्हटलं, "बस आधी. बस, आणि आठव."

ती बसली. डोळे मिटले. सवयीनं तिचे ओठ हलायला लागले, हायड्रोजन, हेलियम, लिथियम, आणि मग थांबले. बराच वेळ काही नाही. मंदा देवाचं नाव घेत होती, मला ऐकू येत होतं.

"ओसरीवर खाट होती," ओवी म्हणाली. "सकाळचं ऊन. बाबा म्हणाले, माही दाढी करून दे. मी म्हटलं, मला येत नाही. तर म्हणाले, डॉक्टर व्हायचं म्हनते अन् ब्लेडले भेते का व? मी साबण लावला. गाल इतके आत गेले होते की ब्लेड फिरेना. मग त्यांनी आतून जिभेनं गाल फुगवून दिला. असा." तिनं जिभेनं स्वतःचा गाल फुगवून दाखवला. "हनुवटीला कापलं माझ्याकडून. मी घाबरले. ते हसले. म्हणाले, काही नाही होत व, माह्यातलं रक्त हाय हे, तुह्यातलंच. साबणाचा वास येत होता. त्यांचा हात माझ्या..."

ती खुर्चीतून खाली आली, जमिनीवर, आणि तिनं असा हंबरडा फोडला की बाहेरच्या रांगेतली बडबड गप्प झाली. "आई गं, बाबा गेले! आई, बाबा गेले गं!"

मंदाचं रडून झालं होतं. तरी ती खाली बसली, पोरीला पोटाशी धरलं, आणि पहिल्यापासून रडायला लागली. "हो माय, गेले. रड. मी हाय."

तिथं माझं काही काम नव्हतं. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. खरं सांगते, मला त्या दोघींचा हेवा वाटला. कुणी माझ्यासाठी असं रडावं, एवढी मी कुणाच्या डोक्यात शिल्लक नाही.

रांगेतल्या पहिल्या बाई मुलाचा दंड धरून उभ्या होत्या. घाबरून म्हणाल्या, "मॅडम, काय झालं जी?"

"थांबावं लागेल थोडं. आतल्या पोरीचे वडील गेलेत."

"अरे बाप्पा! कधी?"

मी म्हटलं, "आत्ता."